वाऱ्याचा रकाना

निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात मी पहाटे फिरायला जाऊ लागलो. अडतीस वर्षे बँकेची नोकरी आणि त्यातली बहुतेक वर्षे डोंबिवलीहून लोकलचा प्रवास केलेल्या माणसाच्या मनात निवृत्तीचे जे चित्र असते, त्यात पहाटेचे फिरणे हमखास असते. डिसेंबर महिना होता. साडेपाचला कानटोपी घालून बाहेर पडायचे, एमआयडीसीच्या निवासी भागातून मिलापनगरच्या तलावापर्यंत जायचे, तिथे चार समवयस्क भेटायचे, आणि सातच्या सुमारास दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतायचे. रस्त्यावर पातळ धुके असे. दिव्यांभोवती पिवळी वलये दिसत. मला ते सारे फार आवडे. कादंबरीत कुठेतरी घालावे, असेही मनात येई.

जानेवारीत खोकला सुरू झाला आणि महिनाभर हटेना. आमचे डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणणारे. त्यांनी छाती तपासली आणि विचारले, "काका, फिरायला किती वाजता जाता?" मी काहीशा अभिमानानेच वेळ सांगितली. ते म्हणाले, "फिरणं सोडू नका. पण थंडीत पहाटे जाऊ नका. ऊन चांगलं वर आलं की जा. नऊ-साडेनऊनंतर."

खरे सांगायचे तर मला हा सल्ला थोडा लागला. पहाटेची हवा शुद्ध असते, हे आमच्या पिढीला दुधाबरोबर पाजलेले सत्य. वडिलांनी सांगितले, शाळेतल्या गुरुजींनी सांगितले, आम्ही आमच्या मुलांना सांगितले. माझ्या वडिलांच्या गावात ते खरेही होते. पण गावची पहाट डोंबिवलीत आणून ठेवली तर ती तशीच राहील, असे मी गृहीत धरले होते. मला आवडणारे ते धुके निदान नुसते धुके नव्हते. त्यात रात्रभर साचलेला धूर होता, आणि तो मी रोज दीड तास छाती भरभरून आत घेत होतो.

यामागचे शास्त्र अवघड नाही. एरवी आपण जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. खालची तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि जाताना धूर, धूळ सोबत घेऊन जाते. घरातल्या चुलीचा धूर धुराड्यातून जातो तसेच. पण हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता भराभर गमावते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्या डोक्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार. रात्री जे काही जळेल, जे काही सोडले जाईल, ते या झाकणाखालीच कोंडून राहते. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत झाकण उघडत नाही. म्हणजे थंडीतली पहाट ही साचलेल्या धुराची सर्वांत दाट वेळ. आणि नेमकी तीच आपण फिरण्यासाठी, योगासनांसाठी आणि मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोचवण्यासाठी निवडलेली.

झाकणाचे काम ऋतू करतो. पातेले मात्र भूगोलाने दिलेले असते.

डोंबिवलीचे पातेले कसे आहे ते गच्चीवर उभे राहिले की कळते. वायव्येला उल्हास नदीची खाडी. नैर्ऋत्येला मुंब्र्याजवळचा पारसिकचा डोंगर. आग्नेयेला मलंगगड, चंदेरी आणि त्यामागे माथेरानची सुमारे आठशे मीटर उंचीची रांग. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत, अंबरनाथ-उल्हासनगरच्या कडेने कल्याणला येते आणि खाडीला मिळते. पाणी जसे उताराने वाहते, तशी रात्रीची गार, जड हवाही डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि सखल भागात साचते. वरच्या अंगाला बदलापूर-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, मध्ये उल्हासनगरचे कारखाने आणि बाजार. या सर्वांच्या हवेचा थोडाथोडा वाटा घेत ती येते. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या महाराष्ट्राच्या शहरांच्या यादीत बदलापूर आणि उल्हासनगर ही नावे आहेत. हवेला महापालिकेची हद्द ठाऊक नसते.

आमची डोंबिवलीची औद्योगिक वसाहत साठच्या दशकातली, स्टेशनाच्या आग्नेयेला. म्हणजे डोंगर आणि दाट वस्ती यांच्या मधोमध. या एका गोष्टीचा अर्थ समजायला मला तीस वर्षे लागली. खरे तर तो मला शाळेतच शिकवला होता. खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा, गुण चार. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. चारपैकी चार गुण मिळवून मी तो धडा विसरून गेलो.

समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर. दुपारी खारा वारा आला की कारखान्यांचा धूर डोंगराच्या दिशेने जातो. रात्री वारा उलटला, आणि हिवाळ्यात तो हमखास उलटतो, की तोच धूर वस्तीकडे येतो. वारा मंद आणि डोक्यावर झाकण. डोंबिवलीकर पिढ्यान्पिढ्या ज्याला 'रात्रीचा वास' म्हणतात, त्याची ही कथा. कारखाने मुद्दाम रात्री वायू सोडतात, ही जुनी तक्रार. ती काही वेळा खरीही असेल. पण दिवसा आणि रात्री सारखाच धूर सोडला तरीसुद्धा आमच्या खिडकीत तो रात्रीच येईल, हे लक्षात घेतले पाहिजे.

वर्षाचे चक्रही असेच आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाळा सुरू झाला की चार महिने आपल्याला जणू कर्जमाफी मिळते. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सगळे वाहून नेतो, पाऊस हवा धुऊन काढतो आणि ओली माती धूळ उडू देत नाही. मात्र 'वाहून नेतो' म्हणजे कुठे, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो वारा आमच्यावरून जातो आणि कल्याण-शीळ रस्त्यापलीकडच्या गावांवर, आता तिथे झालेल्या मोठमोठ्या नव्या वसाहतींवर पोचतो. आमची सुटका हवा शुद्ध झाल्यामुळे होते, तशीच ती वाऱ्याने तोंड फिरवल्यामुळेही होते.

ऑक्टोबरमध्ये माफी संपते आणि खाते पुन्हा चढू लागते. पाऊस गेलेला, वारा पडलेला, माती सुकलेली. रस्त्यांची खोदकामे आणि इमारतींची बांधकामे याच वेळी जोरात सुरू होतात. मग दिवाळी येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालून तरुण मुलेमुली फडके रोडवर जमतात. डोंबिवलीच्या या प्रथेचा मला अभिमान आहे. जावयापासून नातीपर्यंत सर्वांना मी ती दाखवली आहे. पण त्या पहाटे फटाक्यांचा जो धूर होतो, त्याला वर जायला वाट नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० अशी मर्यादा घातली. ती अगदी योग्यच होती, पण हवेच्या दृष्टीने रात्री दहा ही झाकण बसायची वेळ. फटाके कमी उडवणे हाच खरा उपाय, वेळ बदलून भागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत कळस होतो. चौकाचौकात शेकोट्या, वॉचमनच्या ड्रमातली लाकडे आणि टायरचे तुकडे, झाडलोट करून पेटवलेला पालापाचोळा. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या एवढ्याशा शेकोटीने काय होणार? उन्हाळ्यातल्या दुपारी खरेच फारसे काही होणार नाही, कारण तेव्हा धुराला मिसळायला हजार-दीड हजार मीटर उंचीची मोकळी जागा असते. जानेवारीच्या रात्री तीच जागा कधी कधी शे-दोनशे मीटरवर येते. दिवाणखान्यात ओढलेली विडी आणि कपाटात बसून ओढलेली विडी यांत जो फरक, तोच हा. होळीनंतर हवा तापते, वारा खेळू लागतो, झाकण ढिले होते. धूळ राहते, पण धुराचा कोंडमारा सुटतो. मग पुन्हा जूनची वाट.

धूर तोच आणि हवामान वेगळे, एवढ्या फरकाने काय होऊ शकते याचा दाखला अमेरिकेत आहे. पेनसिल्वेनिया राज्यात मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यात डोनोरा नावाचे चौदा हजार वस्तीचे गाव. पोलाद आणि जस्ताचे कारखाने, कामगारांची घरे, भोवती टेकड्या. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर त्या खोऱ्यावर असेच झाकण बसले आणि चार-पाच दिवस उघडलेच नाही. वीस माणसे दगावली, हजारो आजारी पडली. शेवटी पाऊस आला तेव्हा हवा मोकळी झाली. कारखाने तिथे कित्येक वर्षे होते, धूरही तोच होता. त्या आठवड्यात फक्त वारा आला नाही.

आपल्याकडे भोपाळ झाले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. टाकीतून विषारी वायू सुटला हा माणसांचा गुन्हा, त्यात वाद नाही. पण तो सुटला थंडीतल्या मंद वाऱ्याच्या रात्री. हवेपेक्षा जड असलेला वायू वर न जाता जमिनीलगत झोपडपट्ट्यांवर पसरत गेला. मी तेव्हा बँकेत नवा अधिकारी होतो. शाखेत ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकल्याचे आठवते. मध्य प्रदेश आपल्यापासून फार लांब आहे, असे तेव्हा वाटले होते.

डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसे गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा मे महिना, आणि दोन्ही वेळा दिवसाउजेडी. मे महिन्यातल्या भर दिवसा धुराला वर जायला वाव असतो. जानेवारीच्या रात्री दोन वाजता एखादा जड वायू सुटला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कोणाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या शहराच्या आपत्कालीन योजनेत मोसम आणि तास यांचा विचार व्हायला हवा, एवढेच म्हणतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे म्हणजे शहाण्या माणसाने दुसऱ्यांना केलेला उपदेश होईल.

१९९१ साली माझी बदली औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाखेत, कर्ज विभागात झाली. एका तरुण उद्योजकाचा अर्ज माझ्याकडे आला. रंगांसाठी लागणारी रसायने बनवण्याचा छोटा कारखाना. मुलगा हुशार आणि सभ्य, घरचा पैसा बेताचा. कागदपत्रे चोख होती. प्रकल्प अहवाल, यंत्रांची कोटेशने, भूखंडाचे पत्र, प्रदूषण मंडळाची संमती, मार्जिन मनी, दोन जामीनदार. मी जागा पाहायला गेलो. कंपाउंडच्या भिंतीला लागून चहाची टपरी होती. तिथे एक म्हातारे आगरी गृहस्थ बसले होते. एकेकाळी त्यांची भातशेती याच परिसरात होती, ती वसाहतीसाठी घेतली गेली, आणि आता ते शेजारच्या कारखान्यावर राखणदार होते. धुराडे कुठे येणार, असे त्यांनी मला विचारले. मी बोटाने दाखवले. ते थोडा वेळ तिकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायेब, दिवसाचा वारा खाडीचा, रातचा वारा डोंगराचा." मग त्यांनी हाताने धुराड्याच्या जागेपासून स्टेशनाच्या दिशेला एक रेघ ओढली.

मी मान डोलावली, चहा प्यायलो आणि शाखेत येऊन अहवाल लिहिला. छापील नमुन्यात रकाने होते. रस्ता, पाणी, वीज, मजूर, कच्चा माल, बाजारपेठ. प्रत्येक रकान्यात मी 'समाधानकारक' असे लिहिले. वाऱ्याचा रकाना नव्हता. म्हाताऱ्याने जे सांगितले ते लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि कागदाच्या कडेला चार ओळी लिहाव्यात एवढे शहाणपण माझ्याजवळ नव्हते.

कर्ज मंजूर झाले. सात वर्षांत एकही हप्ता थकला नाही. वरिष्ठांनी शाबासकी दिली. बँकेच्या दृष्टीने ते एक आदर्श खाते होते. त्याच काळात स्टेशनाच्या पूर्वेला, म्हाताऱ्याने ओढलेल्या त्या रेघेवर, १९८६ साली घेतलेल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी आई हिवाळ्यातल्या रात्री उशांना टेकून बसून काढत असे. आडवे झाले की दम लागायचा. "खिडकी लाव रे, कसलासा वास येतोय," असे ती म्हणायची, आणि मी उठून खिडकी लावायचो.

आईचा दमा त्या एका धुराड्यामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. वसाहतीत शेकडो धुराडी, रस्त्यावर ट्रक, मागच्या मैदानात जळणारा कचरा, आणि तरुणपणी तिने फुंकलेल्या चुली. धुरावर कोणाची सही नसते. म्हणून तर त्याची वसुली कोणाकडूनच होत नाही. पण ज्यांच्या छातीतून त्या कारखान्याच्या नफ्याचा थोडासा भाग गेला असेल, ती माणसे माझ्या ताळेबंदात कुठेच नव्हती, आणि त्यांत माझी आईही होती, हे आता मला नाकारता येत नाही.

कारखाने वाईट आणि आपण चांगले, असे मांडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच कारखान्यांनी हजारो घरांत चूल पेटवली. वस्ती नंतर सरकत सरकत त्यांच्या भिंतीपर्यंत गेली. ती परवानग्या घेऊन गेली, आणि तिला गृहकर्जे आमच्यासारख्यांनीच दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, त्यात डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. सत्तरच्या वर गेले की 'अत्यंत प्रदूषित'. चारपैकी चार गुणांसारखा अभिमान बाळगावा असे हे गुण नव्हते. २०१० च्या जानेवारीत अशा क्षेत्रांत नव्या उद्योगांना बंदी आली, पुढे ती उठली. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, २०२० साली रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहणीला आले. रंग दिसला की आपण जागे होतो. रंग नसलेला धूर रोज आत जातो, त्याची बातमी होत नाही.

आता धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याच्या घोषणा होतात. डोंगरापलीकडच्या पाताळगंगेच्या भागाचे नावही त्यात घेतले गेले. हलवायचे असतील तर जरूर हलवावेत. पण पाताळगंगा हेही नदीचे खोरेच आहे. तिथेही डोंगर आहेत, तिथेही जानेवारीची रात्र असते, आणि तिथेही उताराच्या तोंडाशी कोणाची तरी घरे असतील. तो रकाना याही वेळी कोराच ठेवला, तर आपण फक्त आईची उशी एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन ठेवू.

मग करायचे काय? डोंगर हलवता येत नाहीत, वारा वळवता येत नाही, हिवाळा रद्द करता येत नाही. पण घड्याळ आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट आकड्यांची. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. हे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे, म्हणून ते फुप्फुसात खोलवर जातात. पण रोजचा हवेचा निर्देशांक या कणांसाठी चोवीस तासांची सरासरी धरून काढतात. बँकेत काम केलेल्या माणसाला सरासरीचा भरवसा नसतो. महिन्याची सरासरी शिल्लक उत्तम असते, आणि तरीही सात तारखेला चेक परत जातो. दुपारी तीनची बरी हवा पहाटे सहाच्या वाईट हवेला झाकून टाकते. तेव्हा तासातासाचे आकडे लोकांसमोर आले पाहिजेत, तेही स्टेशनच्या पुलावर, शाळेच्या फाटकावर, मोठ्या अक्षरांत.

दुसरी गोष्ट, धूर सोडण्याच्या वेळापत्रकाची. हवामान खात्याला विपरीतता आणि पडलेला वारा यांचा अंदाज आधी देता येतो. अशा रात्री कोणती प्रक्रिया चालवायची नाही, हे संमतीपत्रातच लिहिता येईल. परवानगीच्या प्रत्येक अर्जात, नगररचनेच्या प्रत्येक आराखड्यात आणि हो, कर्जाच्या प्रत्येक अहवालात एक साधा प्रश्न हवा: कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, वारा इथून कोणाच्या घरावर जातो?

तिसरी गोष्ट शाळांची. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे ठरवले. कारण दिले होते मुलांच्या झोपेचे. पालकांनी आणि बसवाल्यांनी कुरकूर केली. कोणीतरी फुप्फुसांचेही कारण जोडून द्यायला हवे होते. थंडीचे तीन महिने तरी या निर्णयाची काटेकोर अंमलबजावणी झाली, तर मुले सर्वांत वाईट तासाला रस्त्यावर उभी राहणार नाहीत.

आणि चौथी गोष्ट आपल्या घरातली. थंडीत पहाटेचे फिरणे पुढे ढकलावे. रात्री निजताना खिडक्या लावाव्यात, दुपारी सताड उघडाव्यात. सोसायटीत पालापाचोळा जाळू देऊ नये. वॉचमनला शेकोटी हवी असते कारण त्याला थंडी वाजते. त्याला एक चांगला स्वेटर आणि ब्लँकेट घेऊन देणे सोसायटीला जड जाऊ नये.

मी आता साडेनऊला फिरायला जातो. तलावाकाठचे मित्र सुरुवातीला हसले, मग एकेक करून तेही उशिरा येऊ लागले. माझी नात साडेसात वर्षांची आहे. मी तिला गच्चीतून मलंगगड दाखवला, आमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर असेल. तेव्हापासून ती सकाळी सातला आणि दुपारी तीनला गडाची हजेरी घेते. माझ्या बँकेच्या एका जुन्या कोऱ्या डायरीत तिने रकाने आखले आहेत. गड दिसला तर बरोबरची खूण, नाही दिसला तर फुली. हे काही शास्त्र नव्हे, हवेतला ओलावाही गड झाकतो हे मी तिला सांगितले आहे. पण जानेवारीच्या पानांवर सकाळच्या रकान्यात बहुतेक फुल्याच आहेत आणि दुपारच्या रकान्यात बहुतेक बरोबरच्या खुणा.

परवा तिने मला विचारले, "आजोबा, अजून एक रकाना उरलाय. त्यात काय लिहू?" मी तिला वारा कुठून येतो ते बघायला सांगितले. आता ती गच्चीवर जाऊन दोरीवरच्या कपड्यांकडे बघते आणि लिहिते: खाडी, डोंगर, खाडी, डोंगर.